सोडलेलं देवधान

मोठमायनं चपला काठावर काढल्या, लुगडं गुडघ्याच्या वर खोचलं आणि मागे न बघता ती पाण्यात शिरली. मी अजून काठावर पिशवी तपासत होते. टॉवेल, कोरडी साडी, पाण्याची बाटली, खोबरेल तेल, जळू लागली तर तंबाखूची पुडी. मूल या तालुक्याच्या गावी मुलींच्या वसतिगृहात गृहपाल म्हणून निम्मं आयुष्य गेलं. पिशवी तपासल्याशिवाय माझं पाऊल उचलत नाही.

“येऊन राह्यली का मुहूर्त पाहून राह्यली?” मोठमाय पाण्यातून ओरडली. ती माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. माझी आई गेल्यापासून या गावात माझ्यावर असं ओरडणारी ती एकटीच उरली आहे.

मी उतरले. आधी घोट्याला गारवा, मग बोटांच्या फटींतून वर येणारा मऊ चिखल, आणि मग वास. आश्विनातल्या तलावाला एक वास असतो. उन्हात तापलेलं कमळाचं पान, म्हशीच्या पाठीवरून निथळलेलं पाणी, कुजत आलेलं शेवाळ, आणि सगळ्यांच्या तळाशी कोवळ्या दाण्याचा हिरवट, दुधाळ वास. दाणा नखानं दाबला की दूध येतं, त्या दिवसांतला. मूलच्या गिरण्यांभोवती बारा महिने धानाचा वास असतो, पण तो कोंड्याचा, धुळीचा, पोत्यांचा. हा ओला वास मी विसरले आहे असं मला वाटत होतं. नाक विसरलं नव्हतं.

समोर देवधान उभं होतं. शेताच्या बांध्यांतल्या धानापेक्षा उंच, जरा विस्कटलेलं, लालसर कुसांचं.

आमच्या तलावाला पूर्वेकडून पाळ, म्हणजे मातीचा बांध आहे आणि पाळीखाली आम्हा ढिवरांची, मासेमारांची वस्ती. पश्चिमेकडे पाणी उथळ होत होत जंगलाच्या पायथ्याशी संपतं. त्या उथळ कडेवर देवधान आपोआप येतं. कोणी पेरत नाही, कोणी रोवत नाही. याच कडेवर भराव टाकून एका कंपनीला जंगल बघायला येणाऱ्यांसाठी रिसॉर्ट बांधायचं आहे. खोलीतून उठलं की पायाशी पाणी, असं. ते होऊ द्यायचं नाही, म्हणून आम्ही बाया त्या सकाळी पाण्यात उतरलो होतो. हातात कोयता नव्हता, झेंडा नव्हता. आम्ही गाठी मारायला आलो होतो.

देवधानाची खोड अशी की ते पिकलं की थांबत नाही. दाणा तयार झाला की वाऱ्याच्या एका झुळकेनं पाण्यात गळून जातो. म्हणून दाण्यात दूध असतानाच ओंजळभर ताटं एकत्र धरायची, शेंडे मुरडायचे आणि गाठ मारून ठेवायची. कार्तिकात डोंगा, म्हणजे लहान होडी, घेऊन यायचं, गाठ डोंग्यात वाकवायची आणि काठीनं झोडायची. दाणे डोंग्यात पडायचे.

माझ्या लहानपणी आश्विन म्हणजे गाठी. आई, मोठमाय, शेजारच्या काकू अशा साऱ्या बाया कमरेभर पाण्यात रांगेनं पुढे सरकत असायच्या. दिसायची ती फक्त डोकी आणि हात. त्यांच्या पुढे जांभळ्या पाणकोंबड्या चिडून ओरडत पळायच्या. बायांच्या गप्पा पाण्यावरून घसरत आम्हा पोरांपर्यंत काठावर यायच्या. कोणाचा नवरा, कोणाची सासू, कोणाच्या जाळ्यात मरळ आला आणि कोणाच्या जाळ्याला भोकच पडलं. मध्येच एखादी किंचाळायची, “जळू, जळू!” आणि बाकीच्या हसायच्या, “लागू दे वो, रक्त हाये तरी का तुह्यात?” आम्ही काठावरच्या गवताला गाठी मारत बसायचो. हात तयार झाल्याशिवाय पाण्यात यायची परवानगी नसे.

प्रत्येक घराची गाठ वेगळी होती. आमच्या घरची उजवीकडे मुरडून शेंडा खाली खोचायची. कोणाची डावीकडे, कोणाची दुहेरी, कोणी शेंडा मोकळा सोडून त्याला कमळाच्या देठाची दोरी गुंडाळायचं. दुसऱ्याच्या गाठीला कोणी हात लावत नसे. पाण्याला कुंपण नव्हतं, कडेला खुंट नव्हता, तरी कोणतं देवधान कोणाचं हे डोळे मिटून बोटांनी सांगता येई.

आणि एखाद्या घरी बाळंतीण असली किंवा कोणी गेलेलं असलं, तर त्या घरच्या गाठी शेजारच्या बाया मारायच्या. स्वतःची गाठ मारायच्या नाहीत. त्या घरची मारायच्या. माझा भाऊ झाला त्या वर्षी आई बाजेवर होती. मी आजीबरोबर काठावर गेले तर आमच्या जागेवर ओळीनं आमच्या गाठी, उजवीकडे मुरडलेल्या, शेंडा खाली खोचलेला. फक्त जरा जास्त घट्ट. आजीनं एक गाठ चाचपली आणि म्हणाली, “ही गोदीची. गोदीचा हातच दाट.” एवढंच. आभार मानायला कोणी कोणाच्या दारात गेलं नाही.

कार्तिकातला आवाज वेगळा. मोहाच्या खोडाचा डोंगा, त्यात ओणवी बसलेली आई, आणि काठीचे हलके फटके. दाणा लाकडावर पडायचा तो आवाज थेंबांसारखा नसे. कोणीतरी कानात कुजबुजतंय असा असे. घरी आलेल्या आईच्या हातांवर कुसं रुतून लाल रेघा उठलेल्या असायच्या. ती तेल लावायची आणि आम्ही तिच्या कुशीत शिरलो की आम्हालाही खाज सुटायची. तरी शिरायचो.

हा भात रोज खायचा नसे. वर्षभर तो मडक्यात राहायचा, ऋषिपंचमीसाठी. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खात नाहीत आणि देवधानाला नांगर लागत नाही. गावातल्या शेतीवाल्या घरांच्या बाया, एरवी आम्हाला मासे घेऊन मागच्या दारानं या म्हणणाऱ्या, त्या दिवशी ताट घेऊन आमच्या पुढच्या दारात यायच्या. “देवधान हाये का वो बाई?” आई ओंजळीनं घालायची, सगळ्यांना सारखं. जंगलाकडच्या टोल्यावरून, त्यांच्या पाड्यावरून, गोंड बायाही यायच्या. त्यांना कांडलेलं नको असे. त्यांच्या देवाच्या ठाण्यावर कुसांसकट लोंबी लागायची. त्या बदल्यात टेंभराची चार फळं, नाहीतर मूठभर चारोळी ठेवून जायच्या. चुलीवर तो लालसर, बारीक भात शिजताना घरभर तलावाचा वास सुटायचा. आजी म्हणायची, आज तलाव घरी जेवायले आला.

मग हे कधी थांबलं? मोठमायला विचारलं, गोदाकाकूंना, म्हणजे आजीच्या त्या गोदीला, विचारलं. कोणालाच सांगता आलं नाही. एका आश्विनात एक घर आलं नाही, दुसऱ्या आश्विनात दोन. डोंगा कोणाच्या अंगणात पालथा पडून राहिला आणि त्यावर कोंबड्या बसू लागल्या. आई गेली. मडकं रिकामं झालं आणि मग मडकंही फुटलं.

देवधान मात्र येत राहिलं.

कंपनीसाठी मोजणीवाले आले ते वैशाखात. तेव्हा पश्चिमेची कड कोरडी असते. भेगाळलेला चिखल, वाळलेली ताटं, चरून गेलेल्या गुरांचे खूर. मोठमाय तिथं शेण गोळा करत होती. त्यांनी तिला विचारलं, “बाई, इथं काय पेरता?”

“इथी काई पेरत नाई भाऊ,” ती मोठ्या अभिमानानं म्हणाली. “हे सोडलेलं हाये.”

आमच्याकडे ‘सोडलेलं’ म्हणजे हात आवरून ठेवलेलं. देवाच्या नावानं, पाखरांच्या नावानं, पुढच्या वर्षाच्या नावानं. देवधानातही खोल पाण्याकडची एक रांग कधीच बांधत नसत. तिचे दाणे गळू द्यायचे. वारा ते काठाकडे लोटतो आणि तेच पुढच्या वर्षी उगवतात. त्या रांगेला ‘सोडलेलं’ म्हणत, आणि हळूहळू पूर्ण कडेलाच तो शब्द चिकटला. मोजणीवाल्यांनी तो त्यांच्या पद्धतीनं ऐकला.

भाद्रपदात ग्रामसभा झाली. मी मूलहून पहिल्या एसटीनं गेले. समाजमंदिरापुढे सतरंज्या होत्या. कंपनीचा माणूस बोलायला गोड होता, त्यानं रंगीत चित्र उभं केलं. निळं पाणी थेट पायऱ्यांना भिडलेलं, पायऱ्यांवर पांढऱ्या खुर्च्या. मग मोजणीचा कागद वाचला गेला: पश्चिम कड, पडीक, ग्रामस्थांनी सोडलेली जागा.

आधी मागून कोणीतरी हसलं. मग सगळे मोठमायकडे बघू लागले. ती उठली. “म्याच म्हनलं होतं थे,” ती म्हणाली. “पन म्या असं नोतं म्हनलं.” आणि चित्राजवळ जाऊन तिनं विचारलं, “याच्यात देवधान कुठी हाये?”

“आजी, ते गवत आम्ही साफ करून देऊ,” तो माणूस म्हणाला. “तुम्हाला त्रास नाही.”

मोठमायचा मुलगा विलास माझ्याच शेजारी बसला होता. मासेमार सोसायटीचा पत्र्याचा डोंगा तोच चालवतो. रिसॉर्ट आलं तर त्याला तिथं गाडीवर घेतो असं कंपनीनं सांगितलं होतं. तो उठून आईलाच म्हणाला, “बुढे, देवधानाचं कौतुक पुरे कर. इथी बसलेल्या कोनी शेवटचं देवधान कवा खाल्लं, सांगा बरं. सांगा!”

तो खोटं बोलत नव्हता.

“आनि मले नोकरी पायजे,” तो खाली बसत मला म्हणाला. “तुह्यासारखी पगारपत्रावर सही करून नाई राह्यलो मी.”

“नोकरी घे ना,” मी म्हणाले. “रिसॉर्ट रस्त्याच्या पलीकडे बांधू देत. तिकडे उंचवटा आहे, तलाव तिकडूनही दिसतो. कड सोडून.”

“मंग तसं बोल ना सभेत. माह्या कानात काऊन सांगतं?”

मी बोलले. वसतिगृहात आठवीच्या मुलींना झोपायला लावता लावता आवाज चांगला तयार झाला आहे. रस्त्यापलीकडे बांधायला गावाची हरकत नाही, कडेला हात लावायला आहे, असा ठराव झाला. पण सभेला तहसीलचे साहेब आले होते, त्यांच्याच पाहणीवर परवानगी ठरणार होती. ते स्वच्छच म्हणाले: कड वापरात आहे हे दिसलं पाहिजे. तुमच्या आठवणी मी कागदावर घेऊ शकत नाही, आश्विनात प्रत्यक्ष बघायला येईन.

त्यांचं म्हणणं मला पटलं. आठवणींवर मीही कोणाला जेवणाची जादा थाळी देत नाही.

मग मी कामाला लागले. कोण येणार, कोणाची नात शाळेत असते, कोणाचे गुडघे पाण्यात चालतील. सगळ्यात अवघड निघाल्या गाठी. निम्मी घरं आता गावात नाहीत. कोणी भद्रावतीला कारखान्याच्या वसाहतीत, कोणी राजुऱ्याला. त्यांच्या गाठी कोण मारणार? ते काम गोदाकाकूंनी ओट्यावर बसून केलं. पुढ्यात ओलं गवत घेऊन एकेका घराची गाठ आठवू लागल्या. बाया जमल्या आणि भांडण सुरू झालं.

“तुह्या सासूची गाठ अशी नोतीच!”

“माही सासू होती का तुही?”

“सासू तुही, पन गाठी मीच मारल्या ना तू बाजेवर होती तवा! पाय, डावीकडं, डावीकडं!”

ते भांडण ऐकत मी खांबाला टेकून उभी होते आणि मला आईचे हात दिसत होते, लाल रेघांचे. माझ्या पुढ्यात गवत आलं. मी शेंडा धरला, आणि उजवीकडे मुरडून तो खाली कधी खोचला गेला ते मला कळलंही नाही. गोदाकाकूंनी चाचपून पाहिलं. “मायसारखाच ढिला हात,” म्हणाल्या. इतकी वर्षं झाली आई जाऊन, पण तिच्याबद्दल मला न ठाऊक असलेलं असं काही त्या दिवसापर्यंत कोणी सांगितलं नव्हतं.

तर त्या सकाळी आम्ही पाण्यात होतो. ऊन वर आलं तसं पाणी कोमट झालं. आमची रांग पुढे सरकत होती, मागे गाठी उभ्या राहत होत्या. राजुऱ्याला गेलेल्यांच्या, भद्रावतीला गेलेल्यांच्या, आमच्या. पाणकोंबड्या तशाच चिडून ओरडल्या. कोणीतरी तसंच किंचाळलं, कोणीतरी तसंच हसलं. मी किती वेळ नुसती ऐकत राहिले कोण जाणे, कारण मोठमायनं माझ्या अंगावर पाणी उडवलं.

खोलाकडच्या रांगेपाशी आलो तशी ती थांबली. मी थांबले नाही. मी माझा हिशेब आधीच केला होता. पाहणीवाले पाळीवरून डोंग्यातून येणार, म्हणजे खोल पाण्याकडून. त्यांना सगळ्यात आधी दिसणार ती हीच रांग. ती मोकळी दिसली तर पुढचं सगळं बघण्याआधीच त्यांचं मत तयार होईल. मी ओंजळभर ताटं धरली.

“सोड,” मोठमाय म्हणाली.

“यंदापुरतं बांधू मोठमाय. त्यांना दिसायला पाहिजे.”

“दाखवाले बांधून राह्यली का खावाले?”

“आधी कड वाचू दे. मग पुढच्या वर्षीपासून सोडू.”

“मंग पुढच्या सालचं देवधान का त्याईच्या कागदातून उगवन?” तिनं माझं मनगट धरलं. म्हातारीच्या हातात जाळं ओढायचं बळ अजून आहे. “इतके साल आपुन एक बी गाठ नाई मारली. तरी हे उभं हाये. कायच्यानं? या रांगेनं. आपुन इसरलो, हे नाई इसरलं. आता हिलेच बांधतं का?”

बाकीच्या बाया आमच्याकडे बघत होत्या. माझं म्हणणं शहाणपणाचं होतं, अजूनही मला तसंच वाटतं. पण मी मूठ उघडली. ताटं सरळ झाली, एकमेकांवर घासली आणि उभी राहिली.

पाहणीचा दिवस वाऱ्याचा होता. आम्ही बाया आपापल्या गाठींजवळ पाण्यात उभ्या होतो. विलासनं साहेबांना आणि कंपनीच्या माणसाला डोंग्यात बसवलं. सकाळीच तो मला बजावून गेला होता, “नोकरी गेली त तुह्या वसतिगृहात जेवाले येईन, सांगून ठेवतो.” डोंगा जवळ आला. मोकळ्या रांगेपाशी त्यानं बांबू रोवला आणि डोंग्याचं नाक वळवलं.

“सरळ घे ना,” साहेबांचा आवाज पाण्यावरून आला. “गवतच तर आहे.”

“सरळ नाई जमत साहेब. थे सोडलेलं हाये.”

“सोडलेलं म्हणजे मोकळंच ना?”

“मोकळं वेगळं, सोडलेलं वेगळं,” विलास म्हणाला आणि सगळा वळसा घालून, घाम गाळत, त्यानं डोंगा रांगेच्या टोकाकडून आत आणला. कंपनीचा माणूस घड्याळ बघत होता.

साहेबांनी गाठी पाहिल्या. हात लावायला गेले तेव्हा गोदाकाकू ओरडल्या, “थे राजुऱ्यावाल्याईची हाये, दुसरी पाहा!” ते दचकले, मग हसले, आणि गोदाकाकूंनी दाखवलेली गाठ चाचपली. ही कोणाची, ती कोणाची, विचारत राहिले. आम्ही सांगत राहिलो. मग मागे वळून त्यांनी खोलाकडे बोट केलं. “आणि ती न बांधलेली रांग? ती वापरात नाही असंच लिहावं लागेल.”

“‘सोडलेली’ असंच लिहा,” मी म्हणाले. “तो शब्द खोडू नका. पुढे लिहा, गावानं, बियाण्यासाठी. आणि मला वाचून दाखवा.”

त्यांनी गुडघ्यावर कागदाचं पॅड टेकवून लिहिलं. डोंगा हलत होता, अक्षर वाकडं येत होतं. मग वाचलं: “खोल पाण्याकडील रांग गावाने बियाण्यासाठी सोडलेली आहे.”

“रांग नोका लिवू भाऊ,” मोठमाय कमरेभर पाण्यातून म्हणाली. “हद्द लिवा. इथवर आमचं हाये.”

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, कंपनीच्या माणसाकडे पाहिलं, आणि ‘रांग’ खोडली.